जनरल शिफ्ट हवी: दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या नोकरीचं एक प्रकरण

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जो भेटेल तो एकच विचारतो: मग आता कामाचं काय? विचारणाऱ्याचं चुकत नाही. पण उत्तर घाईत दिलं जातं आणि बहुतेक वेळा भलत्याच गोष्टी बघून दिलं जातं. पुढचं प्रकरण भोसरी एमआयडीसीच्या परिसरातलं आहे. मी पाठपुराव्याचं काम करते, म्हणजे उपचार संपवून घरी गेलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटत राहते. ओळख पटू नये म्हणून सारख्याच परिस्थितीतल्या दोन-तीन जणांचे तपशील इथं एकत्र केलेत आणि नावं टाळलीत. ज्याची ही हकिगत आहे त्याला त्याच्या कामावरून 'सेटर' म्हणू.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्या वर्षातली नोकरी पगार आणि हुद्दा बघून निवडू नये. झोपेची वेळ, जाण्यायेण्याचा रस्ता आणि पैसे हातात पडण्याचा वार बघून निवडावी. ऐकायला सोपं आहे. घरात हप्ते थकलेले असताना पटवून देणं महाकठीण.

माणूस आणि घर

सेटर मूळचा लातूरकडचा. आयटीआयला टर्नर ट्रेड केला आणि पुण्याला आला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणारं कटिंगचं मशीन) ऑपरेटर म्हणून लागला, पाच-सहा वर्षांत सेटर झाला. ऑपरेटर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावतो आणि काढतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट देतो, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती मशीनमध्ये भरतो, पहिला पीस मापात आणतो आणि मग मशीन ऑपरेटरच्या हवाली करतो. शॉपफ्लोअरवर या माणसाला मान असतो, कारण तो आला नाही तर लाइन थांबते.

पिणं वाढलं ते शिफ्टच्या साथीनं. सेकंड शिफ्ट रात्री उशिरा सुटायची, म्हणून क्वार्टर आधीच घेऊन गाडीच्या डिकीत ठेवायची. नाइट सुटली की सकाळी झोप यावी म्हणून घ्यायची. पुढं हात थरथरायला लागले तेव्हा थरथर थांबावी म्हणूनही घ्यायला लागला. एका रात्री चुकीचा ऑफसेट पडला आणि सकाळपर्यंत सगळा माल रिजेक्ट. मेमो, गैरहजेरी, पुन्हा मेमो, आणि शेवटी राजीनामा लिहून घेतला गेला. पीएफ काढला, तो वर्षभरही पुरला नाही. त्यानंतर ठेकेदारांकडं मिळेल ते काम, मधे महिने-महिने काहीच नाही.

केंद्रातून तो घरी आला तेव्हा वय ३८. बायको घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकी सोनं गहाण. बचत गटाचं कर्ज तिच्या नावावर. दोन मुलं, सोबत आई. अशा घरी जाऊन "सहा महिने फक्त स्वतःकडं लक्ष द्या, कामाचं नंतर बघू" असं सांगणाऱ्या सल्लागाराला त्या बाईनं चहासुद्धा देऊ नये, असं माझं मत आहे. ज्यांच्या घरात महिन्याचे पैसे आपोआप येतात त्यांच्यासाठीचा तो सल्ला आहे.

आईचं म्हणणं याच्या दुसऱ्या टोकाचं होतं: "एकदा कामाला लागला की आपोआप सुधारंल बघा." हेही खरं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला केनेथ सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं प्रयोग केले. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना पगारी काम द्यायचं, पण त्या दिवशी कामावर घ्यायचं ते लघवीची तपासणी स्वच्छ आली तरच. ही अट होती तोवर निभावलं. कार्यक्रम संपला तसे बरेच जण पुन्हा घसरले. म्हणजे माणसाला नुसत्या कामानं धरून ठेवलं नव्हतं, त्या कामाभोवतीच्या व्यवस्थेनं ठेवलं होतं. सेटरला तर काम होतंच की. उत्तम काम होतं. पिणं त्याच कामावर असताना वाढलं.

चार कामं

घरी आल्यापासून पंधरा दिवसांत चार कामं समोर आली. भोसरीत हातात कला असलेल्या माणसाला काम मिळत नाही असं होत नाही.

पहिलं मेव्हण्यानं आणलेलं. चाकणला ठेकेदारामार्फत सेटरची जागा, पगार चांगला, ओव्हरटाइम वेगळा, तिन्ही शिफ्ट आलटून पालटून. घरातल्या सगळ्यांचं मत याच बाजूला. दुसरं केटरिंगच्या गाडीवर, लग्नसराईत रोजचे रोख पैसे. तिसरं सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन, १२ तास. चौथं भोसरीतल्याच एका गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये, आठ माणसं, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क. सेटर नको होता, मालक स्वतःच सेटिंग करायचा. ऑपरेटर हवा होता. जनरल शिफ्ट, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, गुरुवारी सुट्टी. पगार चाकणच्या साधारण दोन तृतीयांश.

केटरिंग त्यानं स्वतःच नाकारलं. "ताई, तिथं काम संपलं की सगळे बसतातच," एवढंच म्हणाला. वॉचमनचं काम बायकोनं नाकारलं, कारण रात्रभर एकटा बसलेला नवरा तिच्या डोळ्यांसमोर येत होता. खरा वाद चाकण आणि वर्कशॉपमध्ये होता.

इथं झोपेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरच्यांना हा भाग कुणी समजावून सांगत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू थांबली की अंगाची थरथर आणि घाम आठवडाभरात ओसरतात. झोप तेवढ्यात जागेवर येत नाही. ती अनेक आठवडे, काहींची अनेक महिने, तुटक राहते. त्याबरोबर चिडचिड, विसराळूपणा, दोन तासांनी लक्ष उडणं. झोप न लागणं हे पुन्हा पिण्याकडं नेणाऱ्या कारणांपैकी एक मोठं कारण. आता अशा माणसाला दर आठवड्याला झोपेची वेळ बदलायला लावायची आणि मायक्रॉनमधल्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागातल्या, मापाची जबाबदारी द्यायची. त्यात त्याच्या डोक्यात नाइट शिफ्टची सकाळ आणि क्वार्टर यांची गाठ घट्ट बसलेली.

हे मी आईला वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. पटलं नाही. "साहेबासारखा होता, आता हेल्पर करता का त्याला?" बायकोला मात्र एका वाक्यात कळलं. ती म्हणाली, "नाइटच्या दिवसांतच सगळं बिघडायचं, मला वार पाठ आहेत."

दुसरा मुद्दा गोळीचा. डॉक्टरांनी डायसल्फिराम सुरू केलं होतं. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि प्रसंगी जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ती त्याच्या संमतीनं, बायकोच्या हातून, रोज सकाळी चहाच्या आधी दिली जायची. (न सांगता भाजीत मिसळून द्यायचा प्रकार अजूनही चालतो. तो धोक्याचा आहे. कुणी कितीही गुण सांगितला तरी करू नये.) अशा माणसानं स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेल्या थिनरच्या वाफेत दिवसभर उभं राहणंही डॉक्टरांना नको असतं. चाकणच्या ठेकेदारानं सांगितलं होतं की सेटरची जागा मिळेपर्यंत महिनाभर पेंट शॉपला घालतो. ही माहिती मेव्हण्यानं घरात सांगितलीच नव्हती, त्याला ती महत्त्वाची वाटली नव्हती. शेवटी आईही गप्प झाली ती या पेंट शॉपमुळं, माझ्या झोपेवरच्या व्याख्यानानं नव्हे.

वर्कशॉपचा तोटाही झाकून ठेवला नाही. वीसपेक्षा कमी माणसं म्हणजे पीएफ बंधनकारक नाही, दहापेक्षा कमी म्हणजे ईएसआयचं, कामगार विम्याचं, कार्डही नाही. उद्या बोट गेलं तर खर्चाचं काय, हा प्रश्न बायकोनं विचारला आणि त्याला माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं. बँकेतून काढता येणारा सरकारी अपघात विमा काढून घेतला, पण त्याची बरोबरी ईएसआयशी होत नाही.

गॅपचं काय सांगायचं

मधल्या रिकाम्या काळाचं काय सांगायचं यावर दोन तयार सल्ले त्याला मिळाले होते. एका मित्रानं ओळखीच्या वर्कशॉपचं अनुभवाचं पत्र काढून देतो म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं सुचवलं, "आई आजारी होती म्हण, गावी होतो म्हण."

खोट्या पत्रातला व्यवहारातला धोका उघड आहे. पीएफ खात्याचा यूएएन नंबर टाकला की पीएफच्या नोंदीत कुठल्या महिन्यात कुणी पैसे भरले ते दिसतं, आणि आज ना उद्या मोठ्या कंपनीत गेलाच तर तिथं ते तपासलं जातं. पण आईच्या आजारपणाची थाप मला जास्त वाईट वाटते. पिणारा माणूस वर्षानुवर्षं थापा सांभाळत जगलेला असतो: कुणाला काय सांगितलं, ताप कुणाकडं सांगितला, लग्न कुणाकडं. ते कसब नव्या जागी पहिल्याच दिवशी वापरायला काढलं की बाकीचं सामान त्याच्यामागून यायला वेळ लागत नाही.

मग सगळं सांगायचं का? माझं उत्तर: नोकरी मागताना नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था येतात, आणि त्याच कायद्याच्या कलम २३नं उपचारांच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवलाय. केंद्र त्याच्या संमतीशिवाय मालकाला काही सांगू शकत नाही आणि त्यानंही ते गळ्यात पाटी घालून सांगत फिरायचं कारण नाही. डिस्चार्ज कार्डावर केंद्राचं नाव ठळक छापलेलं असतं, ते दाखवायचं नाही. डॉक्टरांकडून कामासाठी फिट असल्याचं साधं प्रमाणपत्र घ्यायचं.

तोंडपाठ केलं ते एवढंच: "तब्येतीमुळं मधे गॅप पडलाय. उपचार झालेत. फिटनेस सर्टिफिकेट आहे. तुम्ही ट्रायल घ्या." यात खोटं काही नाही आणि पुढचा प्रश्न येण्याआधी बोलणं कामावर येतं. पहिल्यांदा म्हणून दाखवताना त्यानं "उपचार झालेत"च्या पुढं आणखी चार वाक्यं लावली. घाबरलेला माणूस जास्त बोलतो. ती चार वाक्यं काढायलाच वेळ गेला.

ट्रायल

ट्रायलचं मला त्यानं आणि नंतर मालकानंही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं. मालकानं एक शाफ्ट हातात दिला. ड्रॉइंगवर माप होतं २५ एच-७. म्हणजे २५ मिलिमीटरपेक्षा जास्त एक मायक्रॉनही नको, आणि कमी असेल तर फार तर २१ मायक्रॉन. शेजारी डिजिटल मायक्रोमीटर ठेवला होता. सेटरनं शाफ्ट बाजूला ठेवला, मायक्रोमीटरच्या दोन तोंडांमध्ये कागदाचा कपटा धरून ओढून काढला, तोंडं मिटवली आणि शून्य येतं का बघितलं. येत नव्हतं, चार मायक्रॉनचा फरक होता. तो त्यानं शून्यावर आणला. मग शाफ्ट फडक्यानं पुसला, रॅचेट फिरवून दोन क्लिक झाल्यावर थांबला, शाफ्ट नव्वद अंशात फिरवून पुन्हा माप घेतलं आणि म्हणाला, "ओके आहे. पण एका बाजूला ओव्हल यायला लागलाय, जॉज (जॉब पकडणारे जबडे) बघायला पाहिजेत."

मालकानं गॅपबद्दल दुसरा प्रश्न विचारला नाही. मला नंतर म्हणाला, "झीरो चेक न करता माप घेणारे शंभर येतात."

यामुळं मी आता प्रत्येकाला मुलाखतीपेक्षा ट्रायल मागायला सांगते. जिथं हात बोलू शकतात तिथं बायोडाटा मागं पडतो. वेल्डर, आचारी, शिंपी, ड्रायव्हर, सगळ्यांना हे लागू आहे. ऑफिसच्या कामाला लागू नाही, आणि त्या लोकांची अडचण खरोखरच मोठी आहे.

बुधवार

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी: भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळं बाकी जगाची जी शनिवार संध्याकाळ ती इथली बुधवार संध्याकाळ. या वर्कशॉपात बुधवारी सहा वाजता मालक हातखर्चाला उचल द्यायचा, पाचशे-हजार, पगारातून वळती. हातात रोख, दुसऱ्या दिवशी सुट्टी, गल्लीच्या तोंडाला वाइन शॉप, आणि बरोबर सात माणसं.

म्हणून सेटरनं पहिल्याच दिवशी मालकाला सांगितलं की उचल नको, पगार बँकेत टाका. मालकाला आश्चर्य वाटलं. उचल न घेणारा कामगार त्याला नवीन होता. बँकेतला पगार घरखर्चाच्या खात्यात, एटीएम कार्ड बायकोकडं, आणि दर शुक्रवारी त्याच्या वेगळ्या खात्यात आठवड्याचे ठरलेले पैसे. या वेगळ्या खात्यावर तो अडून बसला होता आणि त्याचं बरोबर होतं. चहा-बिस्किटाला बायकोकडं हात पसरणारा माणूस चार महिन्यांत फुटतो. पूर्वी निदान रोख पैसे नाहीत ही अडचण तरी असायची. आता वाइन शॉपच्या काउंटरलाही क्यूआर कोड चिकटवलेला असतो, म्हणून फोनमधल्या खात्यात किती पैसे आहेत हे जास्त महत्त्वाचं.

बुधवारी सहानंतर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेला हा गट. तिथं फी नसते, नोंदवही नसते. मीटिंगची जागा वर्कशॉपच्या मागच्या रस्त्यानं, म्हणजे वाइन शॉपच्या उलट दिशेला. तिथं त्याला स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला वाटाड्या, मिळाला, एका कारखान्यातून निवृत्त झालेला फोरमन. या गृहस्थांचा मला फार उपयोग झाला, कारण ते शॉपफ्लोअरची भाषा बोलतात. गाडीवरून सोडतो म्हणणाऱ्या सहकाऱ्याला काय सांगायचं, हे त्यांनीच शिकवलं: "डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

खंडेनवमी अशीच निभावली. मशीनला झेंडूचा हार घातला, पूजा केली, पेढा खाल्ला, आणि बाकीचे बसायच्या तयारीला लागले तसा तो मुलाला न्यायचंय म्हणून निघाला. मुलाला खरंच न्यायचं होतं, बायकोनं ती वेळ मुद्दाम ठरवली होती.

मालकाला कळायचं ते तिसऱ्या महिन्यात कळलं. जुन्या कंपनीतला कुणीतरी माल घेऊन आला, त्यानं ओळखलं. मालकानं विचारलं, "तू केंद्रात होतास म्हणे?" सेटर हो म्हणाला. मालक म्हणाला, "शुक्रवारी येतोस ना? मग झालं." भोसरीतल्या मालकाला कोण पितं हे कळायला रिपोर्ट लागत नाही, शुक्रवारची हजेरी पुरते.

ओव्हरटाइम

सातव्या महिन्यात एक अर्जंट ऑर्डर आली. मालकानं सगळ्यांना रात्री दहापर्यंत थांबवलं, सुरुवातीला चार दिवस म्हणून, मग ते वाढत तीन आठवड्यांवर गेलं. बचत गटाचा हप्ता एकदम फिटेल म्हणून घरीही सगळे खूश. बुधवारच्या मीटिंग ओळीनं बुडाल्या. रात्री उशिरा जेवण, बाराला अंथरुणावर, दोनला जाग. गोळी तर त्याआधीच बंद झाली होती. "आता गरज नाही" असं तो म्हणाला होता आणि बायकोनंही जोर धरला नव्हता. मीटिंगमध्ये भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींना जपायला सांगतात. त्यातल्या तीन तरी एकत्र आल्या होत्या.

ऑर्डर गेली त्या बुधवारी मालकानं ओव्हरटाइमचे पैसे खुशीनं रोख दिले. तो बाकीच्यांबरोबर बसला. गुरुवारीही प्यायला.

शुक्रवारची सकाळ या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी अशा सकाळी बायको कंपनीत फोन करून ताप आल्याचं सांगायची. वर्षानुवर्षं तिनं ते केलं होतं. या वेळी तिनं नंबर लावला आणि फोन त्याच्यापुढं धरला. "तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही." पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे गट असतात, तिथं ती जात होती. ही गोष्ट ती तिथं शिकली. त्यानं सांगितलं, "शेठ, आज येत नाही. प्यायलो होतो. उद्या येतो." पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "उद्या ये. पण पिऊन मशीनवर उभा राहिलास तर त्याच दिवशी हिशेब."

त्या दिवशी तो डॉक्टरांकडं गेला. दोनच दिवसांचं पिणं असल्यानं दाखल करावं लागलं नाही. शरीरात दारू असताना डायसल्फिराम देता येत नाही, किमान १२ तास मधे जावे लागतात, म्हणून गोळी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. शनिवारी तो कामावर गेला. सहकाऱ्यांपैकी एकानं चेष्टा केली, बाकीचे काही बोलले नाहीत.

बदललं ते एवढं: ओव्हरटाइम दोन तासांपेक्षा जास्त नाही, बुधवारी अजिबात नाही, आणि त्याचे पैसेही बँकेत. हे मालकाशी त्यानं स्वतः बोलून ठरवलं. मी बरोबर येऊ का विचारलं तर नको म्हणाला.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागं एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. हा माणूस त्या एकांपैकी, आणि तरीही तीन आठवड्यांच्या ओव्हरटाइमनं त्याला पाडलं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी औषधांच्या चिठ्ठीबरोबर कामाच्या वेळेबद्दलही डॉक्टरांनी लिहून द्यावं, असा माझा आग्रह असतो. तोंडी सांगितलेलं घरी कुणी मानत नाही, लेटरहेडवरचं मानतात.

सध्या

दीड वर्ष होत आलंय. घसरणीनंतर तो प्यायलेला नाही. मालकाचं गुडघ्याचं दुखणं वाढल्यापासून सकाळचं सेटिंग सेटरच करतो, हुद्दा मात्र ऑपरेटरचाच. सोन्यापैकी एक जोड सुटलाय, बाकी गहाण आहे. बायकोचा राग पूर्ण गेलेला नाही. कधीकधी ती मागचे दिवस काढते, आणि तो उठून बाहेर जातो. आई अजूनही पाहुण्यांना तो "कंपनीत" आहे असं सांगते.

मधे चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. सेटरची जागा, पीएफ, ईएसआय सगळं, पण दर तिसऱ्या आठवड्याला नाइट. तो डॉक्टरांना विचारून आला. झोपेची गोळी नुकतीच बंद झालेली, म्हणून त्यांनी आणखी सहा महिने नाइट नको म्हटलं. कंपनीला त्यानं फर्स्ट आणि सेकंडच चालेल का विचारलं. ते नाही म्हणाले. मग तोच पगाराचा आकडा घेऊन तो शेठकडं गेला. दीड हजार वाढले. बायकोनं चाकणचं पेट्रोल वजा करून हिशेब मांडला, तरी फरक मोठा राहतो आणि पीएफ वेगळाच. दसऱ्यानंतर पुन्हा बघू, असं सध्या घरात ठरलंय.